जोशींचा वाढदिवस आणि किल्ल्यांचा जुडगा

संगणकाच्या इतिहासावर बोलायचे म्हटले की यंत्रे बनवणाऱ्यांची आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची नावे घेतली जातात. ती घ्यायलाच हवीत. पण बंद पडलेले यंत्र ज्याने पुन्हा चालू करून दिले, त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. मी आयुष्यभर हेच काम केले. पुणे आणि आसपासच्या छोट्या कचेऱ्या, छापखाने, भोसरीतली वर्कशॉप्स, पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब अशा लोकांचे संगणक सांभाळले. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. दहा-वीस माणसांच्या धंद्याला तो परवडत नाही, म्हणून तो हे काम बाहेरच्या माणसाला देतो आणि त्याबरोबर आपली सगळी लाज त्याच्या हाती देतो. या बाहेरच्या माणसाची गोष्ट आज सांगायची आहे.

ती सुरू होते एका निघून गेलेल्या कंपनीपासून. साठच्या दशकात आपल्याकडे जे मोजके संगणक होते, त्यातले बहुतेक आयबीएमचे. ते विकत मिळत नसत, भाड्याने मिळत. यंत्र कंपनीचे, सुटे भाग कंपनीचे आणि ते उघडण्याचा अधिकारही कंपनीच्याच इंजिनिअरला. मग १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा आला. परदेशी कंपन्यांनी इथल्या शाखेतला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, असा आग्रह सरकारने धरला. आयबीएमने नकार दिला आणि जनता सरकारच्या काळात, १९७८ साली, ती भारतातून निघून गेली. तेव्हाचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांचे नाव या प्रसंगाशी कायमचे जोडले गेले. कोकाकोलाही त्याच सुमारास गेली. लोकांना कोकाकोला आठवते, कारण ती प्यायची वस्तू होती.

प्रश्न असा पडला की आयबीएम गेली, पण तिची यंत्रे कारखान्यांत, विमा कंपन्यांत, रेल्वेत, विद्यापीठांत उभी होती. ती सांभाळायची कोणी? त्यासाठी सरकारने १९७५ च्या डिसेंबरातच एक कंपनी काढून ठेवली होती, कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. नावातच देखभाल. पुढे १९८४ मध्ये तिचे नाव नुसते सीएमसी झाले आणि रेल्वे आरक्षणाच्या संगणकीकरणामुळे ती घराघरांत माहीत झाली. पण माझ्या दृष्टीने तिचे खरे मोठेपण १९७८ चे आहे. दुसऱ्याने बनवलेले यंत्र आपण करार करून सांभाळू शकतो, आणि एकच पथक वेगवेगळ्या बनावटीची यंत्रे हाताळू शकते, हे या देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा तिथे सिद्ध झाले. आमचा धंदा त्या पायावर उभा आहे.

१९८४ च्या नोव्हेंबरात राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले, आयात सैल झाली आणि टेबलावर मावणारे संगणक आले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळू लागले. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, तेव्हा संगणकाला स्वतंत्र वातानुकूलित खोली असे आणि तिच्याबाहेर चपला काढून ठेवाव्या लागत. खंडेनवमीला त्याला झेंडूची माळ घालत आणि कुंकू लावत. एका छापखान्यात सीपीयूवर हळद-कुंकवाच्या पाण्याचे असे काही शिंतोडे पडले होते, की आम्ही पॉवर सप्लाय उघडला तेव्हा आतही प्रसाद पोहोचला होता.

या यंत्राच्या देखभालीसाठी वर्षाचा करार होई, त्याला एएमसी म्हणत. त्यात दोन प्रकार. एकात सुटे भाग धरलेले, दुसऱ्यात फक्त मजुरी. दर तीन महिन्यांनी इंजिनिअर येई, ब्लोअरने धूळ उडवी, फ्लॉपी ड्राइव्हचे हेड पुसून काढी, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रिबन बघे आणि कॉल स्लिपवर सही घेऊन जाई. आमचे काही जुने गिऱ्हाईक याला बलुते म्हणत. ते गमतीने म्हणत, पण तुलना चुकीची नव्हती. गावच्या सुताराला नांगर दुरुस्त केल्याचे दर वेळी पैसे मिळत नसत, सुगीला धान्य मिळे. नांगर कमी मोडला तर सुताराचाच फायदा. त्या व्यवस्थेत जातीची जी बेडी होती, ती कोणाला परत नको आहे. पण हिशोबातली ही गोम मात्र फार जुनी आहे. मोडल्यावर पैसे घेणाऱ्याला यंत्र मोडलेले परवडते. वर्षाचे पैसे आधी घेणाऱ्याला ते चालू राहिलेले परवडते.

आता जोशींकडे वळतो.

१९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारुख अल्वी या दोन भावांनी ब्रेन नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यांच्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरी होते म्हणून तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे. आयबीएम जातीच्या टेबल-संगणकांवर पसरलेला तो पहिला व्हायरस. गंमत म्हणजे त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि टेलिफोन नंबरही घातला होता. चार वर्षांनी, १९९० च्या जूनमध्ये, भारतात एक व्हायरस सापडला, त्याचे नाव जोशी. तो वर्षभर गप्प बसे. पाच जानेवारीला मात्र संगणक अडून बसे आणि पडद्यावर फर्मान येई, की जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करा. त्या इंग्रजीत टाइप केल्या की यंत्र निमूट पुढे चालू लागे. हे जोशी देशस्थ की कोकणस्थ, की गुजराथेतले, यावर पुण्यातल्या कचेऱ्यांत चहाच्या वेळी जी चर्चा झाली तिला तोड नाही.

चेष्टेचा भाग सोडला तर जोशी हुशार होता. तो फ्लॉपीच्या किंवा हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या भागात, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी वाचला जातो त्या जागी, बसे. तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू करण्याची आपल्याला सवय. त्या कळा दाबलेल्या त्याला समजत आणि तो मेमरीत तसाच तग धरून राही. उपाय एकच, वीज पूर्ण बंद करायची आणि स्वच्छ फ्लॉपीने यंत्र सुरू करायचे. त्या सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. खाचेवर काळी पट्टी चिकटवली की त्या फ्लॉपीवर काही लिहिले जात नसे, म्हणजे व्हायरसही शिरत नसे. संगणक-सुरक्षेचे माझे पहिले साधन ही काळी पट्टी.

पण हे व्हायरस एका कचेरीतून दुसरीत जात कसे? तेव्हा इंटरनेट नव्हते. पगारपत्रकाची फ्लॉपी सीएकडे जाई, खेळाची फ्लॉपी साहेबांच्या मुलाकडून येई. आणि सगळ्यांत जास्त कचेऱ्या रोज फिरणारी फ्लॉपी कोणाची? देखभालीला येणाऱ्या इंजिनिअरची. त्याच्या पिशवीतल्या तपासणीच्या फ्लॉपीवर पट्टी नसेल, तर सकाळी सदाशिव पेठेत लागलेला आजार संध्याकाळपर्यंत हडपसरला पोहोचे. हे मुद्दाम लक्षात ठेवा, पुढे याची गरज पडणार आहे.

देखभालीतून सुरक्षा कशी जन्माला आली, याचे सर्वांत चांगले उदाहरण पुण्याचेच आहे. कैलाश काटकर हे दहावीपर्यंत शिकलेले गृहस्थ. कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यापासून त्यांनी सुरुवात केली, मग संगणकाची देखभाल करू लागले आणि १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस काढली. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरसने बिघडलेली यंत्रे वाढत चालली. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी हे व्हायरस काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला घेतले, आणि त्यातून १९९५ मध्ये क्विक हील आले. पुढे २००७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात नोंदले गेले. परदेशी अँटिव्हायरस तेव्हाही मिळत होते. पण दुरुस्तीच्या टेबलावर आज कोणता आजार आला आहे, हे अमेरिकेत बसलेल्याला महिन्याने कळे आणि मंगळवार पेठेत त्याच दिवशी कळे. माझ्या मते हा शोध प्रयोगशाळेचा कमी आणि टेबलाचा जास्त होता.

चेष्टेचे दिवस संपले ते २६ एप्रिल १९९९ ला. सोमवार होता. चेन इंग-हाऊ या तैवानच्या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिलच्या अपघाताची तीच तारीख, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले. तोवरचे व्हायरस माहिती खराब करत, हा मदरबोर्डवरच्या बायोसच्या चिपवर कचरा लिहून टाकी. यंत्र सुरूच होत नसे. पडदा काळा, बीपसुद्धा नाही. भारतासह आशियातल्या अनेक देशांत त्याने पुष्कळ यंत्रे निकामी केली. बरा असलेला तसाच दुसरा बोर्ड आणायचा, तो चालू ठेवून त्यातली चिप जपून काढायची, आजारी चिप त्या जागी बसवायची आणि पुन्हा लिहायची, असा उद्योग आम्ही त्या आठवड्यात रात्री जागून केला. पुढच्या वर्षी, ४ मे २००० ला, फिलिपीन्समधून प्रेमपत्राच्या नावाने ईमेल आली आणि जगभर पसरली. ती लिहिणाऱ्याला शिक्षा झाली नाही, कारण त्याच्या देशात तसा कायदाच नव्हता. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला अमलात आला.

माझ्या धंद्याचा कणा बदलला तो २००३ मध्ये. त्या ऑगस्टात ब्लास्टर आला. कोणी फ्लॉपी घातली नाही, ईमेल उघडली नाही, नुसते इंटरनेटला जोडले तरी पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होई. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैतच दिलेली होती. ती घेतली कोणी नव्हती. आपल्याकडे तर निम्म्या यंत्रांवर विंडोजच उसनी, म्हणजे स्पष्ट बोलायचे तर चोरीची. ती अपडेट करायला लोक घाबरत. तेव्हा पहिल्यांदा आमच्या ध्यानात आले, की तीन महिन्यांनी येऊन धूळ उडवणाऱ्या इंजिनिअरचा आता उपयोग नाही. राखण रोज करावी लागणार. २००५ पासून ब्रॉडबँड आले आणि ते जमूही लागले. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या यंत्रावर एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा. तो आमच्या कचेरीतल्या पडद्यावर कळवत राहतो, की अमक्याची डिस्क भरत आली, तमक्याचा बॅकअप काल झाला नाही, याची दुरुस्ती राहिली. इथे बसून शंभर कचेऱ्यांची यंत्रे दुरुस्त करता येतात. वर्षाच्या कराराचा महिन्याचा झाला, दुरुस्तीवाल्याचा रखवालदार झाला.

मालकांना मात्र हे पटवणे कठीण होते. काही बिघडले नाही तर पैसे कशाचे, हा प्रश्न मी हजार वेळा ऐकला असेल. दुसरे वाक्य असे, की आम्ही एवढेसे, आम्हाला कोण लुटणार? या दुसऱ्या वाक्यावर मला थोडे थांबायचे आहे.

आधी निसर्गाने लुटले. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या कचेऱ्या बुडाल्या. नंतर आमच्याकडे हार्ड डिस्कच्या गोण्या आल्या म्हटले तरी चालेल. त्यातल्या कित्येकांनी बॅकअप अगदी नियमाने घेतलेला होता आणि तो त्याच खोलीत, त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला होता. त्या काळात महाराष्ट्रात तासन् तास भारनियमन चाले. चालू डिस्कवरून वीज गेल्याने जेवढी माहिती मेली तेवढी सगळ्या व्हायरसांनी मिळून मारली नसेल, असे मला आजही वाटते.

मग माणसाने लुटले. २०१३ च्या सुमारास खंडणीखोर व्हायरसांचे पेव फुटले. यांना तुमची माहिती नको असते. ते ती कुलूपबंद करतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. इथे लहान-मोठा हा भेद संपला. तुमची खतावणी चोराच्या दृष्टीने कवडीमोल असेल, पण तुमच्या दृष्टीने ती अमोल आहे, आणि सौदा तुमच्याशीच आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्रायने दीडशे देशांत धुमाकूळ घातला. त्याचीही दुरुस्ती दोन महिने आधी आलेली होती. २७ जूनला नॉटपेट्या आला. तो पसरला युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथले लहान-मोठे सगळे धंदे कर भरण्यासाठी ते वापरत. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि आपल्या न्हावाशेव्यातल्या त्या समूहाच्या टर्मिनलवर कंटेनर अडकून पडले. बरोबर चार दिवसांनी, १ जुलैला, आपल्याकडे जीएसटी सुरू झाला आणि आजवर इंटरनेटपासून सोवळे राहिलेले दुकानदारही हिशोबासाठी ऑनलाइन आले. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही, एवढेच सांगतो.

पुढच्या वर्षी पुण्यातल्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण झाले. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, सोमवारी हाँगकाँगला आणखी रक्कम वळती झाली, एकूण ९४ कोटींहून जास्त. १९०६ साली स्थापन झालेल्या सहकारी बँकेपर्यंत जगातल्या टोळ्या पोहोचतात, हे कळल्यावर पतसंस्थांच्या चेअरमन मंडळींनी मला पहिल्यांदा आपणहून फोन केले.

एक गोष्ट मात्र नाव न घेता सांगतो. भोसरीतले एक वर्कशॉप, मोटारींचे सुटे भाग बनवणारे, वीसेक कामगार. २०२० च्या टाळेबंदीत अकाउंटंटने घरून काम करावे म्हणून कोणीतरी कचेरीतल्या संगणकाचा रिमोट डेस्कटॉप सरळ इंटरनेटला उघडा ठेवला. आम्हाला विचारले नव्हते. पासवर्ड कंपनीचे नाव आणि १२३. महिनाअखेरीला टॅलीचा सगळा डेटा कुलूपबंद. पगार काढायचे होते, दोन मोठ्या गिऱ्हाइकांची बिले अडकली होती. मालक खुर्चीत बसून होते, काही बोलत नव्हते. मग त्यांच्या अकाउंटंट, पन्नाशीच्या बाई, म्हणाल्या, "साहेब, माझ्या घरी पेन ड्राइव्ह आहे." दर शनिवारी त्या बॅकअप घेऊन तो पर्समध्ये टाकून घरी नेत. कोणी सांगितले नव्हते. पूर्वीच्या नोकरीत एकदा आग लागली होती, तेव्हापासूनची सवय. गेले ते फक्त चार दिवसांचे काम. चलनांच्या कागदी प्रती फायलीला होत्या, त्यावरून दोन रात्रीत आम्ही सगळे पुन्हा भरले. खंडणी दिली नाही, पगार सात तारखेला झाले. अशा बाई नसलेली ठिकाणेही मी पाहिली आहेत. एक छापखाना त्यानंतर पुन्हा उभा राहिला नाही.

आता त्या पिशवीतल्या फ्लॉपीकडे येतो. शंभर कचेऱ्यांच्या किल्ल्या एकाच रखवालदाराच्या जुडग्यात असतात. चोराने शंभर कुलपे कशाला फोडावीत? २ जुलै २०२१ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी, हेच घडले. देखभाल करणाऱ्या कंपन्या दुरून यंत्रे सांभाळण्यासाठी कासेया या कंपनीचे सॉफ्टवेअर वापरतात. टोळीने त्यातले एक भोक शोधले. डच संशोधकांनी ते एप्रिलमध्येच कळवले होते, दुरुस्तीचे काम चालू होते, पण चोर आधी पोहोचले. पन्नास-साठ देखभाल कंपन्यांमधून सुमारे पंधराशे धंद्यांपर्यंत खंडणीचा व्हायरस गेला, आणि तो गेला दुरुस्तीच्या रूपात. स्वीडनमध्ये कूप या सहकारी साखळीची आठशेच्या आसपास दुकाने बंद ठेवावी लागली, कारण गल्ले चालेनात. कूपचा कासेयाशी थेट काही संबंधच नव्हता. तिचे गल्ले सांभाळणाऱ्या कंपनीचा होता.

आपल्याकडे २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इनने नियम केला, की असा हल्ला झाला तर सहा तासांत कळवायचे. लहान उद्योगांना तयारीसाठी सप्टेंबरपर्यंत सवलत दिली. नियम चांगला आहे. पण हल्ला झालेला सहा दिवसांनी कळतो अशा ठिकाणी सहा तास कुठून मोजायचे, हे मला अजून उमगलेले नाही.

१९ जुलै २०२४ ला तर चोराचीही गरज पडली नाही. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यावर उपाय काय होता? प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जायचे, ते सेफ मोडमध्ये सुरू करायचे आणि एक फाइल पुसायची. दुरून काही होईना. पिशवी घेऊन फिरणारा इंजिनिअर त्या आठवड्यात पुन्हा देवमाणूस झाला.

आणि बारा दिवसांनी, ३१ जुलैला, सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला. स्टेट बँक आणि टीसीएस यांची ही संयुक्त कंपनी छोट्या बँकांची संगणकसेवा चालवते. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला देशाच्या व्यवहारजाळ्यातून तात्पुरते तोडले, आणि तिच्यावर विसंबलेल्या जवळजवळ तीनशे ग्रामीण आणि सहकारी बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम त्या दिवशी अडले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. जाता जाता सांगतो, आयबीएमची यंत्रे सांभाळणारी ती जुनी सीएमसी २०१५ मध्ये याच टीसीएसमध्ये विलीन झाली होती.

त्या घटनेनंतर मी माझ्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारतो. तुमचा बॅकअप या इमारतीबाहेर कुठे आहे? तो परत भरून कधी पाहिला होता? आणि आमच्यासकट कोणाकोणाकडे तुमच्या यंत्रांच्या किल्ल्या आहेत? पहिल्याचे उत्तर आता बहुतेकांना येते. दुसऱ्याला लोक हसतात. तिसऱ्यावर गेल्या महिन्यात एका पतसंस्थेचे मॅनेजर बराच वेळ विचार करून म्हणाले, की वेबसाइट करणारा एक मुलगा होता, तो आता बंगळुरूला असतो, त्याच्याकडे असतील, विचारून सांगतो. अजून त्यांचा फोन आलेला नाही.